बसतं, पण चालतं का? पहिला गेमिंग पीसी जुळवताना

आजचा भाग नेहमीपेक्षा थोडा लांबणार आहे, कारण विषय पैशांचा आहे. आणि बहुतेक वेळा घरच्यांच्या पैशांचा.

मला येणाऱ्या मेसेजेसमध्ये एक प्रश्न कायम असतो: "दादा, हा प्रोसेसर ह्या बोर्डात बसेल का?" ह्याचं उत्तर खूपदा "हो" असतं, आणि तरीही पीसी चालू होत नाही. आज मला तेवढंच नीट उलगडून सांगायचंय. बसणं आणि चालणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्या फोनचंच उदाहरण घ्या. टाइप-सी केबल आता सगळीकडे बसते. मित्राचा चार्जर तुमच्या फोनला लागतो, पण फास्ट चार्जिंग होईलच असं नाही. एखादी केबल चार्ज करते आणि डेटाच पाठवत नाही. पोर्ट तेच, आकार तोच, पण आतली बोलणी वेगळी. पीसीत हेच सगळं आहे, फरक एवढाच की इथे चूक दोनशेची नसते, दहा-बारा हजारांची असते. आणि प्रोसेसरचं सील एकदा फोडलं की बहुतेक दुकानदार तो परत घेत नाहीत.

आता एक खरी यादी घेऊन बोलू. माझा मामेभाऊ इचलकरंजीला असतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. इतकी वर्षं फोनवर बीजीएमआय खेळला, आता त्याला व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचंय. दोन सुट्ट्या एका दुकानात काम करून थोडे पैसे साठवले, बाकीचे मामाने दिले, आणि मामाने स्पष्ट सांगितलं, ७० हजार, मॉनिटर धरून, एकदाच. पुन्हा मागायचे नाहीत. त्याने दुकानात पैसे भरायच्या आधी मला यादी पाठवली. रायझेन ५ ७६०० प्रोसेसर. बी५५० मदरबोर्ड. १६ जीबी डीडीआर४ रॅम, एकच स्टिक. आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी. आणि कॅबिनेट, ज्याच्यावर ४५० वॉटचा एसएमपीएस फ्री.

यादीतली प्रत्येक वस्तू एकेकटी चांगली आहे, फ्री एसएमपीएस सोडून. प्रत्येकीचं कौतुक कुठल्या ना कुठल्या व्हिडिओत झालेलं आहे. पण पहिल्या दोन ओळीच एकमेकींशी जुळत नाहीत. रायझेन ५ ७६०० हा एएम५ सॉकेटचा आहे, जे सॉकेट २०२२ मध्ये आलं. बी५५० हा एएम४ चा बोर्ड. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, एएम५ मध्ये त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. म्हणजे हे बसणारसुद्धा नाही. ही चूक खरं तर सगळ्यात सोपी, कारण ती डोळ्यांना दिसते. व्हिडिओ दोन वेगळ्या वर्षांचे होते आणि त्याने दोन्हींतलं "बेस्ट" उचललं, एवढंच.

मी त्याला म्हटलं, दोन रस्ते आहेत. एक, ७६०० ठेव, बोर्ड बी६५० किंवा तत्सम एएम५ चा घे, आणि मग रॅम डीडीआर५ च घ्यावी लागेल, कारण एएम५ वर डीडीआर४ चालतच नाही. दोन, बी५५० आणि डीडीआर४ ठेव, प्रोसेसर रायझेन ५ ५६०० घे.

तो दुकानात परत गेला. तिथे तिसराच रस्ता निघाला. दुकानदार म्हणाला, "बी५५० कशाला घेतोस, हा बी४५० घे, सॉकेट तेच आहे, ५६०० आरामात बसतो, पैसे वाचतील." पोराने लगेच फोन लावला, "दादा, हा स्वस्तात देतोय, घेऊ का?"

आता इथे थांबू या, कारण खरी गंमत इथेच आहे. दुकानदार खोटं बोलत नव्हता. ५६०० बी४५० मध्ये बसतो. पण बी४५० बोर्ड २०१८ मध्ये आले आणि रायझेन ५००० मालिका आली २०२० च्या शेवटी. बोर्डावर एक छोटी चिप असते, तिच्यात बायोस नावाचा प्रोग्राम असतो. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी तो जागा होतो, आणि सॉकेटमध्ये कोण बसलंय ते ओळखतो. २०१८ मध्ये डब्यात बंद झालेल्या बोर्डाच्या बायोसला २०२० चा प्रोसेसर ठाऊक नसतो. मग काय होतं? पंखे फिरतात, लाइट लागतात, आणि स्क्रीन काळी. नवशिक्याला वाटतं प्रोसेसर खराब आहे किंवा आपल्या हातून काहीतरी जळलं. जळलेलं काहीच नसतं. बोर्डाची फक्त ओळख पटलेली नसते.

ह्या बी४५० चा एक किस्सा आहे. २०२० च्या मे महिन्यात एएमडीने जाहीर केलं होतं की रायझेन ५००० फक्त ५०० मालिकेच्या बोर्डांवरच चालेल, बी४५० वर नाही. एक कारण सांगितलं गेलं ते बायोस चिपच्या जागेचं. बऱ्याच जुन्या बोर्डांवर ही चिप फक्त १६ एमबीची होती, सगळ्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावत नव्हती. लोकांनी इतका गोंधळ घातला की त्याच महिन्यात कंपनीला निर्णय फिरवावा लागला. म्हणजे सॉकेट तेच, बोर्ड तोच, आणि तरी चालणार की नाही हे एका सॉफ्टवेअरच्या फाइलवर ठरत होतं. आम्ही ऑफिसात रोज जे भोगतो तेच हे, लायब्ररीचं व्हर्जन जुळलं नाही की सगळं ठप्प.

इंटेलने तर ह्याहून भारी प्रकार केलाय. एलजीए ११५१ सॉकेट सहाव्या आणि सातव्या पिढीसाठी होतं. आठवी पिढी आली २०१७ मध्ये, सॉकेटचं नाव तेच, प्रोसेसर बसतोही, पण जुन्या १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर आठव्या पिढीला अधिकृत सपोर्टच नाही. तिथे साधा बायोस अपडेटही कामाला येत नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे लिहूनच ठेवा. "११५१ चा बोर्ड, ११५१ चा प्रोसेसर" एवढ्यावर सौदा करू नका, पिढी विचारा.

मग तपासायचं कसं? मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या बोर्डाचं पान उघडा, सपोर्टमध्ये जा, सीपीयू सपोर्ट लिस्ट असते. तिथे तुमचा प्रोसेसर शोधा. त्याच्या समोर एक बायोस व्हर्जन लिहिलेलं असतं, म्हणजे त्या व्हर्जनपासून पुढे तो चालतो. बोर्डाचं नाव मात्र पूर्ण बघा. एकाच नावाच्या बोर्डाची रिव्हिजन १.० आणि २.० वेगळी असू शकते, ती बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेली असते. पीसीपार्टपिकरसारख्या साइटवर यादी टाकली तर ती सॉकेट, रॅमचा प्रकार, जागा हे बरंचसं तपासून देते, जरूर वापरा. पण दुकानाच्या फळीवर ठेवलेल्या त्या एका डब्यात आज कुठला बायोस आहे, हे कुठलीच साइट सांगू शकत नाही.

त्यासाठी दुकानदाराला दोन प्रश्न विचारायचे. पहिला, ह्या बोर्डावर बायोस फ्लॅशबॅक आहे का? काही बोर्डांच्या मागच्या बाजूला तसं बटण असतं. पेनड्राइव्हवर फाइल टाकून प्रोसेसर न लावताच बायोस अपडेट करता येतो. दुसरा, नसेल तर तुम्ही अपडेट करून द्याल का, आणि बिल करायच्या आधी चालू करून दाखवाल का? हे विचारायला लाजू नका. चांगला दुकानदार आनंदाने करतो, त्याच्या बाकावर जुना प्रोसेसर पडलेलाच असतो. बी५५० चा जुना स्टॉक असेल तर त्यालाही हाच प्रश्न, कारण तो बोर्डसुद्धा रायझेन ५००० च्या काही महिने आधी आलाय. डब्यावर "रायझेन ५००० डेस्कटॉप रेडी" असं स्टिकर असेल तर काळजी मिटली.

इंटेलचा विचार करत असाल तर तिथेही तेच. एलजीए १७०० मध्ये बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसते, पण एच६१० किंवा बी६६० बोर्ड बाराव्या पिढीबरोबर आलेले, त्यांना पुढच्या पिढ्यांसाठी बायोस अपडेट लागतो. आणि ह्या सॉकेटमध्ये आणखी एक फाटा आहे. काही बोर्ड डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५. नावात "डी४" असेल तर बहुधा डीडीआर४. दोन्ही रॅमला पिना २८८ च असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. रॅम सहज बसत नसेल तर अंगठ्याचा जोर वाढवू नका, आधी बोर्डावर काय लिहिलंय ते वाचा.

इथे एक आडवळण घेतो. एका श्रोत्याने जाहिरात पाठवली होती: "आय७, १६ जीबी, गेमिंग पीसी", किंमत बघून कोणीही भुलेल. फोटो मोठा करून बघितला तर आय७ ३७७०, २०१२ चा. आय७ म्हणजे काही पदवी नाही, पिढी सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. त्याच्यासोबत डीडीआर३ रॅम येते, म्हणजे उद्या त्यातलं काहीही नव्या पीसीत नेता येणार नाही. विंडोज ११ ला तो प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. आणि व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय उघडत नाही. त्यापेक्षा साधा आय५ १२४००एफ कितीतरी पुढे आहे. त्यातल्या त्या "एफ" वर आता येतोच.

एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये डिस्प्ले दाखवणारा भाग नाही. ग्राफिक्स कार्ड हवंच. एएमडीत रायझेन ५ ५६०० ला एफ लिहिलेलं नसतं, पण त्यातही तो भाग नाही. ७६०० मध्ये छोटासा आहे. ह्याचा व्यवहारात अर्थ असा की ५६०० असलेल्या पीसीत मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये खुपसली तर काळी स्क्रीनच दिसणार, ती ग्राफिक्स कार्डलाच लावायची. आणि पैसे कमी पडतायत म्हणून "कार्ड दिवाळीला घेऊ, तोवर असंच चालवू" असा विचार असेल तर ५६०० आणि १२४००एफ दोन्ही बाद.

आता मामेभावाच्या यादीतली शेवटची ओळ. मला सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटली. फ्री एसएमपीएस.

आधी गणित करू. ५६०० च्या डब्यावर ६५ वॉट लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात तो ७६ पर्यंत जातो. आरएक्स ६६०० चे १३२. झाले २०८. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे ह्यांचे ५० धरा. जेमतेम २६० वॉट. मग ४५० पुरायला हवेत ना? हवेत, जर ते ४५० खरे असतील तर. एसएमपीएसच्या अंगावर एक लेबल असतं. त्यावर ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे रकाने असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. समजा तिथे १८ अँपिअर लिहिलंय, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. एवढंच तुमच्या कामाचं. बाकीचे आकडे बेरजेत घालून डब्यावर मोठा आकडा छापलेला असतो. आणि गेममध्ये कार्ड क्षणभर ठरलेल्यापेक्षा जास्त ओढतं, तेव्हा असा एसएमपीएस पीसी बंद पाडतो, तेसुद्धा नशीब चांगलं असेल तर. नसेल तर जाताना सोबत बोर्डही घेऊन जातो.

दुसरी खूण वायरींची. आरएक्स ६६०० ला ८ पिनांची पीसीआय एक्स्प्रेस जोडणी लागते, ६ अधिक २ अशा तुकड्यांची. फ्रीवाल्यांत ती बहुधा नसतेच. मग दुकानदार एक कन्व्हर्टर काढतो, जुन्या मोलेक्सवरून ८ पिन करणारा. घेऊ नका. ज्या एसएमपीएसला ती वायर मुळातच दिलेली नाही, तो तेवढा भार घ्यायला बनवलेला नाही, एवढं सरळ समजा. प्रोसेसरचीही ८ पिनांची वायर असते, ४ अधिक ४, ती वेगळी. दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी लावायची नाही. आणि मॉड्युलर एसएमपीएस असेल तर जुन्याच्या केबल्स नव्याला कधीही लावू नका, दोघं एकाच कंपनीचे असले तरी. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना सगळ्यांची एकसारखी नसते, एका चुकीच्या केबलने एसएसडी क्षणात जाते. इथे तर अगदी बसतं, आणि म्हणूनच घात होतो.

८० प्लस ब्राँझ असं लिहिलेला, नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस ह्या बिल्डला भरपूर झाला. ८० प्लस म्हणजे वीज किती कमी वाया जाते त्याचं प्रमाणपत्र, सुरक्षिततेचं नाही. पण निदान कुणीतरी तो तपासलेला असतो. आणि वॉरंटी किती वर्षं आहे ते बघा, पाच वर्षं देणारी कंपनी सहसा आत कचरा भरत नाही.

विजेवरून आठवलं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात अशी तक्रार बरेच जण करतात आणि एसएमपीएस बदलून आणतात. आधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नसते. वायरमनला बोलवा, दहा मिनिटांचं काम आहे. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टर तर अजिबात लावू नका.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. रॅम १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. दोन्ही वाटांनी डेटा जातो आणि गेममध्ये फरक दिसतो. बोर्डावर चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या, मॅन्युअलमध्ये चित्र असतं. लावल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायचं, नाहीतर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम २१३३ किंवा २४०० वरच निवांत चालत राहते आणि तुम्हाला वर्षभर पत्ता लागत नाही. एसएसडीसाठी बोर्डाचा एम.२ स्लॉट एनव्हीएमई घेतो ना ते बघा, आणि काही बोर्डांत तो वापरला की एखादं साटा पोर्ट बंद होतं, हेही मॅन्युअलमध्येच असतं. कॅबिनेटच्या माहितीत ग्राफिक्स कार्डची कमाल लांबी आणि कूलरची कमाल उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते. तीन पंख्यांची काही कार्डं ३०० मिमीच्या पुढे जातात, दोन पंख्यांची सहसा छोट्या कॅबिनेटमध्येही मावतात. प्रोसेसर डबाबंदच घ्या. ट्रे पीस थोडा स्वस्त पडतो, पण त्यात कूलर नसतो आणि वॉरंटी बऱ्याचदा दुकानदाराच्या शब्दावर चालते. ५६०० च्या डब्यात कूलर येतो, तो पुरेसा आहे.

तर आमचं ठरलं काय? ५६००, बी५५०, ८-८ च्या दोन डीडीआर४, आरएक्स ६६००, आणि फ्रीवाला एसएमपीएस नाकारून ५५० वॉटचा वेगळा. त्यासाठी कॅबिनेट साधं घेतलं, आरजीबी पंखे गेले. पोरगं दोन दिवस नाराज होतं. माझं मत विचाराल तर ७० हजारांत मॉनिटरसकट हेच बरोबर. एएम४ हा शेवटचा थांबा आहे, तिथून पुढे नवी पिढी येणार नाही, हे मान्य. पण १०८०पी वर आरएक्स ६६०० सोबत मोठ्या गेममध्ये अडवणारं ग्राफिक्स कार्डच असतं. ७६०० घेऊन कार्ड एक पायरी खाली आणलं असतं तर खेळताना तोटाच झाला असता. ज्याला दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचाय आणि तेव्हा हातात स्वतःचा पगार असणार आहे, त्याने एएम५ कडे जावं. रॅमचे भाव मात्र हल्ली फार चढलेत, त्यामुळे डीडीआर५ चा आकडा त्याच आठवड्यात विचारूनच ठरवा.

खरेदी लॅमिंग्टन रोडला करा, जिल्ह्याच्या गावात करा, नाहीतर ऑनलाइन, जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर आहे ना ते दुकानातच बघा. नुसतं "कॉम्प्युटर सेट, १ नग" असं बिल असेल तर दोन वर्षांनी बोर्ड गेल्यावर ते वॉरंटीला दाखवून उपयोग नाही. सगळे डबे ठेवा, माळ्यावर जागा करा, आई ओरडेल, तरी ठेवा. दुकानातच जोडून घेत असाल तर बायोसच्या स्क्रीनपर्यंत चालू करून बघा आणि तिथे प्रोसेसरचं नाव, रॅमचा आकडा आणि स्पीड ह्या तीन गोष्टींचा फोटो काढा.

तुमच्या याद्या पाठवायच्या असतील तर पाठवा, पुढच्या भागात दोन-तीन घेईन. फक्त "बी५५० बोर्ड" एवढंच लिहू नका, पूर्ण मॉडेल नंबर आणि रिव्हिजन लिहा, एसएमपीएसच्या लेबलचा फोटो जोडा, आणि मॉनिटर किती रिझोल्युशनचा आहे तेही सांगा. चला, भेटू.